हेक्टरचे झिजलेले नाक

अठराव्या शतकात लंडनमध्ये घडलेले खिशातले घड्याळ कधी हाती आले, तर किती वाजले हे बघायची घाई करू नये. आधी ते पालथे घालावे. पाचेक सेंटिमीटरच्या गोलात सोन्याच्या पत्र्यातून एक अख्खा प्रसंग वर आलेला असतो. ट्रॉयचा राजपुत्र हेक्टर युद्धाला निघाला आहे, बायको अँड्रोमकी निरोप द्यायला उभी आहे, शेजारी दाईच्या कडेवर तान्हे मूल. शिरस्त्राणाचा तुरा, वस्त्रांच्या चुण्या, मागचे खांब, सगळे जागच्या जागी. फक्त हेक्टरला नाक नाही. जरा निरखले तर अँड्रोमकीचा गुडघाही सपाट झालेला दिसतो, आणि बाळाचा तर चेहराच पुसून गेलेला. कुणी मुद्दाम काही केलेले नसते. रोज सकाळी खिशात, रात्री उशाशी, दिवसभर विजारीच्या कापडाशी घासत राहणे, असे वर्षानुवर्षांचे ते काम असते. जो भाग जास्त वर आला तो आधी गेला.

संग्राहक अशा झिजेला दोष मानतात आणि किंमत उतरवतात. मला ते पटत नाही. नाक शाबूत असलेला हेक्टर बहुधा कपाटात बसून राहिलेला असतो. नाक गेलेला हेक्टर नोकरी करून आलेला असतो.

अशा घड्याळात एक नाव कोरलेले असते. अमुक अमुक, लंडन. लिलावाच्या यादीत तेच ठळक छापतात, विकत घेणाराही तेच आधी विचारतो. पण ज्याचे नाव, त्याने यातले स्वतःच्या हाताने फारच थोडे केलेले असते. मग कुणी काय केले? हे बघायचे तर घड्याळ कांद्यासारखे बाहेरून आत सोलत जावे लागते.

पहिला पापुद्रा म्हणजे हे बाहेरचे नक्षीचे कवच. ते एकटे नसतेच. बिजागरी उघडली की आतून दुसरे, साधे, गुळगुळीत कवच निघते आणि घड्याळाचे यंत्र त्या दुसऱ्यात बसवलेले असते. डब्यात डबा. साधारण सतराव्या शतकाच्या मध्यापासून एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत इंग्लंडमधल्या घड्याळांची ही ठरलेली पद्धत होती, खेड्यापाड्यांत तर त्यानंतरही बरीच वर्षे चालली. तिचे कारण शोभा हे नव्हते, धूळ हे होते. घड्याळाला रोज चावी द्यावी लागे आणि ती चावी घालायला आतल्या कवचाच्या पाठीला एक भोक ठेवावे लागे. भोक आले की धूळ आली, तंबाखूची पूड आली, खिशातली कापसाची तुसे आली. तेव्हा ते भोक झाकायला बाहेरून आणखी एक कवच. झाकण असायचेच होते, मग ते कोरे का ठेवायचे?

ते कोरे फारसे ठेवले गेले नाहीच. कुणी त्यावर शार्क किंवा पाकट माशाचे दाणेदार कातडे हिरवे रंगवून चढवले, कुणी कासवाची पाठ घासून पातळ करून बसवली आणि तिच्यात चांदीच्या बारीक टाचण्यांनी वेलबुट्टी जडवली. कुणी मिनाकाम केले. ज्यांची ऐपत सोन्याची नव्हती पण हौस सोन्याची होती, त्यांच्यासाठी ख्रिस्तोफर पिंचबेक नावाच्या लंडनच्या घड्याळजीने तांबे आणि जस्त अशा प्रमाणात मिसळले की तो धातू थेट सोन्यासारखा दिसू लागला. पिंचबेक १७३२मध्ये वारला. त्याचे नाव पुढे इंग्रजीत ‘नकली’ या अर्थाचे विशेषण होऊन बसले. त्याने स्वतः आपला धातू सोने म्हणून कधी विकला नव्हता, असे त्याच्या बाजूने म्हणतात. पण विशेषणाला कुठे बाजू ऐकून घ्यायची असते!

या सगळ्यांत मानाचे काम उठावाचे. ते कसे होते हे मराठी घरात फार समजावून सांगायला नको. देव्हाऱ्यातले टाक आठवावेत. चांदीच्या पातळ पत्र्यावर घोड्यावर बसलेला खंडोबा किंवा देवीची आकृती पुढे आलेली असते, आणि टाक उलटा केला की तीच आकृती खळगा होऊन दिसते. लंडनचा कारागीर हेच करी, फक्त त्याचा पत्रा सोन्याचा आणि वाटीसारखा गोलवा दिलेला असे. राळेच्या मऊसर गादीवर पत्रा पालथा बसवायचा, मागून बोथट ठशांनी हलके ठोकत आकृती पुढे ढकलायची, मग राळ तापवून पत्रा सोडवायचा, उलटायचा, पुन्हा राळेवर बसवायचा आणि आता पुढून बारीक ठशांनी डोळे, बोटे, केस काढायचे. ठोकताना सोने काढून टाकले जात नाही, ते नुसते इकडचे तिकडे सरकते. म्हणून जिथे आकृती जास्तीत जास्त उचलली तिथे पत्रा जास्तीत जास्त ताणला जाऊन पातळ होतो. हेक्टरचे नाक आधी का जाते याचे निम्मे उत्तर इथे आहे. ते सगळ्यांत उंच असते आणि सगळ्यांत पातळही. काही घड्याळांत झीज वाढत जाऊन नाकाच्या जागी आरपार भोक पडलेले दिसते. जपणारे मालक यावर तोडगा म्हणून काच लावलेले तिसरे कवच करून घेत. म्हणजे धूळ येऊ नये म्हणून कवच, आणि त्या कवचावरची नक्षी झिजू नये म्हणून वर आणखी एक.

प्रसंग बहुतेक ग्रीक-रोमन पुराणांतले किंवा बायबलमधले. तीन देवींत सुंदर कोण याचा निवाडा करणारा पॅरिस, अहश्वेरोश राजापुढे उभी राहिलेली एस्तेर राणी, युद्धाचा नाहीतर संसाराचा कुठलातरी बाका क्षण. कारागीर छापील चित्रांवरून हे उचलत आणि गोलात बसेल असे आवळून घेत. खिशात वागवायच्या वस्तूवर निरोपाचे आणि निवाड्याचे प्रसंग का आवडत असतील? मला वाटते, गोलात तीन-चार माणसे एकमेकांकडे झुकलेली छान बसतात, एवढेच साधे कारण असावे. कुंभाराला घाट आधी सुचतो, अर्थ मागून.

या कारागिरांपैकी काहींची नावे आपल्याला ठाऊक आहेत, कारण प्रसंगाच्या खालच्या काठाशी, जमिनीच्या किंवा पायरीच्या रेघेत, त्यांनी ती भिंग लावल्याशिवाय वाचता येणार नाहीत इतक्या बारीक अक्षरांत घातली. त्यांतला सर्वांत नामांकित जॉर्ज मायकल मोझर. जन्म १७०६, गाव स्वित्झर्लंडमधले शाफहाउझन. तरुणपणी लंडनला आला आणि सोन्यावर ठोककाम करता करता पुढे तिसऱ्या जॉर्ज राजाला चित्रकला शिकवण्यापर्यंत पोचला. १७६८मध्ये रॉयल अकादमी स्थापन झाली तेव्हा संस्थापकांत तो होता आणि तिचा पहिला कीपर, म्हणजे विद्यार्थ्यांच्या वर्गांची देखरेख करणारा, तोच. त्या संस्थापकांत स्त्रिया दोनच होत्या. त्यांतली एक, फुलांची चित्रे काढणारी मेरी, याचीच मुलगी. १७८३मध्ये मोझर वारला तेव्हा अकादमीचे अध्यक्ष सर जॉशुआ रेनॉल्ड्स यांनी त्याच्यावर लिहिताना, हा राज्यातला पहिल्या क्रमांकाचा ठोककाम करणारा होता आणि आजच्या चित्रकारांच्या पिढीचा बापच म्हणावा असा होता, अशा अर्थाचे गौरवाचे शब्द काढले. एका देशाच्या चित्रकलेचे वडीलपण घड्याळांची झाकणे ठोकणाऱ्याकडे जावे, हे आज जरा चमत्कारिक वाटते. तेव्हा वाटत नव्हते. मोठमोठ्या कॅनव्हासला गिऱ्हाईक मिळायला वेळ लागे. घड्याळाला रोज मिळे.

आता बाहेरचे कवच काढून बाजूला ठेवू. दोन कवचांच्या मध्ये पुष्कळदा एक कागदाची गोल चकती सापडते. आतले कवच खुळखुळू नये, घासू नये म्हणून घातलेली ही घडी. कधी ती रेशमी कापडाची असते आणि बायको-बहिणीने त्यावर नावाची अक्षरे भरलेली असतात. बहुतेक वेळा मात्र ती दुकानदाराची जाहिरात असते: नाव, पत्ता, ‘घड्याळे दुरुस्त करून मिळतील’. दुरुस्तीला गेले की नवा दुकानदार आपली चकती वर ठेवून देई, जुनी खाली राही. त्यामुळे एखाद्या घड्याळातून चार-पाच चकत्या निघतात आणि ते लंडनहून कुठल्या कुठल्या गावी फिरले याचा पत्ता लागतो. मागे शाईने दुरुस्तीची तारीख आणि घेतलेले पैसे लिहिलेले असले तर मग काय विचारता.

काही चकत्यांवर एक कोष्टक छापलेले असते आणि ते पाहून नवखा माणूस गोंधळतो. तारखांपुढे मिनिटांचे आकडे: अमुक दिवशी घड्याळ सूर्यापेक्षा इतके पुढे, तमुक दिवशी इतके मागे. त्या काळी घड्याळ लावायचे ते सावलीच्या यंत्रावरून. पण सूर्य वर्षभर एका चालीने चालत नाही. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि तिचा आस कललेला, म्हणून सावलीची दुपार आणि घड्याळाची दुपार यांत फेब्रुवारीत सुमारे चौदा मिनिटांचा आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला सुमारे सोळा मिनिटांचा फरक पडतो. हे कोष्टक खिशात बाळगायची गरज लागू लागली, याचा अर्थ खिशातले यंत्र सूर्याच्या चुका दाखवण्याइतके शहाणे झाले होते.

आतले कवच गुळगुळीत असते, पण मुके नसते. त्यावर ठसे असतात. चालता सिंह म्हणजे चांदी कसाला उतरली. बिबट्याचे मुंडके म्हणजे लंडनला तपासली. एक अक्षर म्हणजे तपासल्याचे वर्ष. वर्षाच्या अक्षराची ही पद्धत तिथे १४७८पासून चालू आहे, सिंहाचा ठसा १५४४पासून. हे सारे ठोकले जाई ते सोनारांच्या संघाच्या वाड्यात, गोल्डस्मिथ्स हॉलमध्ये. आज आपल्याकडे सराफाच्या दुकानात बांगडी घेताना जो ‘हॉलमार्क’ विचारतात त्यातला हॉल तो हाच. याशिवाय कवच करणाऱ्याच्या नावाची आद्याक्षरे आणि एक क्रमांक. हा क्रमांक आतल्या यंत्रावरही असतो, आणि कवच व यंत्र मूळचे एकमेकांचे की नंतर कुणी जोडी जमवलेली, हे त्यावरून पकडता येते.

घड्याळांना क्रमवार आकडे घालण्याची पद्धत ज्याने रुळवली तो टॉमस टॉम्पियन. जन्म १६३९, बाप लोहार, मरण १७१३, दफन वेस्टमिन्स्टर ॲबीत. त्याच्या दुकानातून साडेपाच हजारांच्या आसपास खिशातली घड्याळे बाहेर पडली. आकड्याचा उपयोग दुकानाच्या वहीत होताच, पण मालकाला त्याहून जास्त. घड्याळ ही लंडनच्या खिसेकापूंची आवडती वस्तू. ओल्ड बेली न्यायालयाच्या दफ्तरात घड्याळचोरीचे खटले शेकड्यांनी आहेत. चोरी झाली की मालक वर्तमानपत्रात जाहिरात देई: अमक्याचे केलेले, नंबर इतका, आणून देणाऱ्याला बक्षीस, जास्त चौकशी केली जाणार नाही. शेवटचे कलम महत्त्वाचे.

आता तबकडीकडे सहाच्या आकड्यापाशी असलेली बारीक खिट्टी नखाने दाबायची. यंत्र बाराकडच्या बिजागरीवर दारासारखे बाहेर झुलून येते. आणि इथे, जिथे मालकाची नजर फारशी पोचत नाही, तिथे सगळ्यांत नाजूक काम दडलेले असते.

मुलामा दिलेल्या पितळी पाटीवर एक गोल जाळी दिसते: पाने, वेली, मधूनच एखादा मुखवटा किंवा पक्षी, हे सगळे पितळ कोरून आरपार कापलेले. तिला एकच पाय असतो आणि तो स्क्रूने पाटीला जखडलेला. इंग्रजीत तिला कॉक म्हणतात. तिच्याखाली बॅलन्सचे चाक डावी-उजवीकडे हेलकावत असते. जाळी चाकाची टोकदार धुरी वरून धरते आणि उघडल्यावर मालकाच्या बोटापासून चाकाला वाचवते. एवढ्या कामाला पितळेची साधी पट्टी पुरली असती. पण हजारो घड्याळांत, स्वस्तातल्यासुद्धा, ही जाळी कोरलेलीच असते आणि दोन जाळ्या हुबेहूब सारख्या सहसा सापडत नाहीत. ती कोरणाऱ्याचे नाव मात्र तिच्यावर नसते. मोझरसारखी काठाला बारीक सही करायची मुभाही त्याला नव्हती.

जाळीच्या मधोमध कधी कधी एक खडा चमकतो. या खड्याची एक हकिकत सांगण्याजोगी आहे. निकोला फातियो हा न्यूटनच्या ओळखीतला स्विस गणिती. माणकाला बारीक भोक पाडून त्यात घड्याळाची धुरी फिरवायची युक्ती त्याने काढली. दगड झिजत नाही, तेलही टिकते. १७०४मध्ये दोन भागीदारांसह त्याने त्याचे पेटंट मिळवले आणि मग मुदत वाढवून मागितली. लंडनच्या घड्याळजींचा संघ, जो १६३१पासून राजाच्या सनदेने चालत होता, तो खवळला. ही युक्ती जुनीच आहे असे दाखवायला त्यांनी इग्नेशियस हगफर्ड नावाच्या घड्याळजीचे एक जुने घड्याळ पुरावा म्हणून पुढे केले. त्याच्या जाळीवर खडा होता. पुरावा मानला गेला, फातियोची मागणी फेटाळली गेली. घड्याळ संघाने जपून ठेवले. पुढे केव्हातरी कुणीतरी ते खोलून नीट पाहिले, तर खड्याचा धुरीशी काही संबंधच नव्हता. तो नुसता शोभेला वर चिकटवलेला होता! दागिन्याने साक्ष दिली आणि खटला जिंकला.

जाळीखालचे यंत्र समजायला कठीण नाही. ताकद येते गुंडाळलेल्या पोलादी कमानीतून. पण कमान नुकतीच भरलेली असताना जोरात ओढते आणि सुटत गेली की ढिली पडते. नुसत्या कमानीवर चालणारे घड्याळ सकाळी धावेल आणि रात्री रेंगाळेल. यावर उपाय म्हणजे फ्यूजी, शंकूच्या आकाराची, मळसूत्री खाचा असलेली चक्री. कमानीचा डबा साखळीने या चक्रीला ओढतो. कमान ताजी असताना साखळी शंकूच्या निमुळत्या टोकाला असते, दमत जाते तसतशी रुंद बुडाकडे सरकते. आखूड पान्याने नट पिळायला जोर लागतो, लांब पान्याने कमी; तोच हिशेब. त्यामुळे कमानीचा जोर उतरला तरी चाकांना मिळणारा पीळ जवळपास सारखा राहतो. ही युक्ती खिशातल्या घड्याळांपेक्षाही जुनी आहे आणि इंग्रज तिला इतके चिकटून राहिले की युरोपातल्या इतरांनी ती सोडून पातळ घड्याळे करायला घेतल्यावरही यांची घड्याळे फुगीर कांद्यासारखीच राहिली.

ती साखळी एकदा भिंगाखाली बघावीच. सायकलच्या चेनची प्रतिकृती, पण लांबी जेमतेम वीतभर आणि जाडी जाड दोऱ्याएवढी. इंग्रजी आठाच्या आकाराच्या पोलादी चकत्या, एक आड दोन, आणि प्रत्येक सांध्यात केसाएवढी रिव्हेट, अशा शेकडो. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून या साखळ्यांचे मोठे केंद्र इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचे ख्राइस्टचर्च हे गाव होते. काम बायका आणि मुली करत. काही आपल्या घरी खिडकीशी बसून, काही गावाच्या अनाथ-गरिबांच्या आश्रमात. आश्रमातल्या लहान मुलींना या कामाला बसवत कारण बोटे बारीक आणि मजुरी त्याहून बारीक. दिवसभर असल्या रिव्हेटा बसवून डोळ्यांचे काय होत असेल ते सांगायला नको. घड्याळ उघडले तरी साखळी दोन पितळी पाट्यांच्या मधल्या फटीतूनच काय ती दिसते.

शेवटचा भाग व्हर्ज. कमानीची ताकद एकदम सुटून जाऊ नये म्हणून चाकांच्या रांगेच्या टोकाला राजमुकुटासारखे उभ्या दातांचे एक चाक असते, आणि बॅलन्सच्या दांडीवरचे दोन इवले पंख त्याला आळीपाळीने अडवतात. देवळाच्या दारात रांग एकेकाने सोडणारा राखणदार असतो तसे. एक दात सुटला, टिक. दुसऱ्या पंखाने समोरचा दात अडवला, टिक. सेकंदाला चार-पाच वेळा.

नुसत्या एवढ्यावर चालणारी घड्याळे वेळ फार वाईट दाखवत. दिवसाला पाव-अर्धा तास इकडे-तिकडे, म्हणून त्यांना बहुधा एकच काटा असे, तासाचा. लंडनचा रोजनिशीकार सॅम्युअल पीप्स याला १६६५मध्ये घड्याळ मिळाले तेव्हा घोडागाडीतून जाताना ते हातातून खाली ठेववेना, शंभरदा किती वाजले ते बघितले, असे तो स्वतःच लाजत लिहितो. शंभरदा बघून त्याला शंभरदा अंदाजच कळला असणार. पण हौसेला अंदाज पुरतो.

खरा बदल १६७५मध्ये झाला. बॅलन्सला केसासारखी बारीक सर्पिल कमान जोडली की त्याला झोपाळ्यासारखा स्वतःचा ठेका येतो. धक्का जरा कमी-जास्त झाला तरी ठेका फारसा बदलत नाही. हॉलंडच्या ख्रिस्तियान हायगेन्सने हे जाहीर केले आणि लंडनमध्ये रॉबर्ट हुक तळमळला, कारण आपण ही कल्पना कितीतरी आधी काढली होती असे त्याचे म्हणणे. त्याने टॉम्पियनकडून दुसऱ्या चार्ल्स राजासाठी एक घड्याळ करवून घेतले आणि त्यावर कोरवले की शोध हुकचा, १६५८. घडवणार टॉम्पियन, १६७५. घड्याळावर कोरलेले नाव म्हणजे काय चीज असते, हे कळायला हा नमुना पुरेसा आहे. भांडण कुणीही जिंको, चूक पाव तासावरून काही मिनिटांवर आली आणि मिनिटकाटा रूढ झाला.

याच सुमारास घड्याळ खिशात आले. आधी ते गळ्यात किंवा कमरेला लोंबत असे. १६६६मध्ये चार्ल्स राजाने दरबारात लांब बंडीची नवी फॅशन सुरू केली, पुढे विजारीच्या कमरपट्ट्याशी घड्याळापुरता छोटा खिसा आला, आणि कवचाची पाठ कापडाशी घासू लागली. आपल्याकडच्या जुन्या छायाचित्रांत वकील-मामलेदारांच्या कोटावर जो अछोडा मिरवताना दिसतो तो खूप नंतरचा, एकोणिसाव्या शतकातला. अठराव्या शतकातल्या इंग्रजाच्या कमरेशी दिसे ती आखूड फीत, तिला लटकवलेली चावी आणि मोहोर. घड्याळ आत दडलेले असे. म्हणजे एवढा खर्चून ठोकून घेतलेला हेक्टर बहुतेक वेळ अंधारातच असे.

अंधाराचा विषय निघालाच आहे, तर ठोक्यांच्या घड्याळांचे कवच बघण्यासारखे असते. मेणबत्ती विझवल्यावर वेळ कशी कळणार? वरची कळ दाबली की मागचा तास आणि पाव तास घंटेवर वाजवून सांगणारी घड्याळे निघाली. एडवर्ड बार्लो आणि डॅनियल क्वेअर या दोघांनी एकाच वेळी हक्क सांगितला तेव्हा १६८७मध्ये दुसऱ्या जेम्स राजापुढे दोन्ही घड्याळे ठेवली गेली. बार्लोच्या घड्याळाला तासासाठी एक आणि पाव तासांसाठी दुसरी अशा दोन कळा. क्वेअरच्याला दोन्हीसाठी एकच. राजाने एक कळ पसंत केली. अशा घड्याळांची कवचे जाळीदार असतात आणि लोक त्यांना नक्षी समजतात. ती नक्षी आहेच, पण आवाज बाहेर यायची वाटही तीच. आपल्याकडे घटिकापात्र बुडाले की ज्या थाळीवर टोला पडे तिला तास म्हणत, आणि त्या थाळीचे नाव पुढे साठ मिनिटांना मिळाले. रात्री वेळ डोळ्यांना नव्हे तर कानाला कळायची, ही गोष्ट आपल्या भाषेच्याही लक्षात राहिली आहे.

तर मग पाटीवर कोरलेले ते नाव कशाचे? कायद्याचे, हे एक उत्तर. १६९८मध्ये पार्लमेंटने ठरवले की घड्याळावर करणाऱ्याचे नाव आणि गाव असलेच पाहिजे, आणि यंत्राशिवाय नुसती कवचे व तबकड्या परदेशी पाठवायच्या नाहीत. कारण लंडनची सुंदर रिकामी कवचे बाहेर जात आणि त्यांत भिकार यंत्रे बसवून ती लंडनची म्हणून विकली जात. कायद्याने हे थांबले नाही. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘टार्ट्स, लंडन’, ‘विल्टर, लंडन’ अशा नावांची उठावाच्या कवचांची घड्याळे पुष्कळ निघाली, जी लंडनची नव्हतीच. डच बनावट म्हणून ती ओळखली जातात, पण त्यांतली बरीचशी स्विस कारागिरांच्या हातची. ती पकडायची सोपी खूण तबकडीवर मिनिटांच्या पट्टीला काढलेल्या लहान लहान कमानी; आणि आत उघडून बघितले की जाळीला एकाऐवजी दोन पाय.

पण खऱ्या लंडनच्या घड्याळातही नाव असे ते शेवटी जुळणी करून विकणाऱ्याचे. कच्चे यंत्र पुष्कळदा तिकडे उत्तरेला, लँकाशायरमधल्या प्रेस्कॉट गावाच्या आसपास तयार होई. तिथले लोक थोडी शेती करत, थोडी गायीगुरे बघत आणि उरल्या वेळात चाके कापत, दात घासत. लंडनमध्ये क्लार्कनवेल भागात एकाच गल्लीत कमानवाला, काटेवाला, बिजागरीवाला, मुलामावाला. मुलामा पाऱ्यात सोने विरघळवून लावत आणि मग पारा तापवून उडवत. ती वाफ मुलामावाल्याच्या अंगात जाऊन हात कापू लागत. अशी कामाची वाटणी झाल्यामुळे वस्तू किती स्वस्त होते हे सांगताना ॲडम स्मिथने १७७६मध्ये घड्याळाचाच दाखला दिला: शंभरेक वर्षांपूर्वी वीस पौंडांना मिळणारे यंत्र, त्याहून चांगले, आता वीस शिलिंगांना मिळते. वीस शिलिंग म्हणजे एक पौंड. मुलामावाल्याच्या थरथरत्या हाताचा हिशेब त्याने तिथे मांडलेला नाही.

याच परंपरेतला सगळ्यांत प्रसिद्ध जीव जॉन हॅरिसनचे चौथे यंत्र, १७५९मध्ये पुरे झालेले. समुद्रावर रेखांश काढायचा प्रश्न त्याने सोडवला. १७६१-६२च्या जमैकाच्या सफरीत एक्याऐंशी दिवसांत ते पाच सेकंदच मागे पडले. आज ते ग्रिनिचला बघता येते. रूप बघावे तर खिशातल्या घड्याळाचेच: चांदीची दोन कवचे, आत वेलबुट्टीची जाळी, फक्त रुंदी तेरा सेंटिमीटर. शास्त्रज्ञांच्या मंडळापुढे ठेवायच्या यंत्रावर जाळी कोरण्याची काही गरज नव्हती. पण घड्याळ म्हणजे जाळी आलीच, असे कारागिरांच्या डोक्यात पक्के होते.

१७९७मध्ये पंतप्रधान पिट यांनी युद्धखर्चासाठी घड्याळांवर वार्षिक कर बसवला, सोन्याच्या घड्याळाला दहा शिलिंग, चांदीच्याला अडीच. लोकांनी घड्याळे लपवली, नवी घेणे बंद केले, कारागीर रस्त्यावर आले आणि वर्षभरात कर मागे घ्यावा लागला. तोवर आवडही पालटत चालली होती. पातळ, सपाट, कोऱ्या पाठीचे घड्याळ सभ्य मानले जाऊ लागले. हेक्टर आणि एस्तेर आजोबांच्या काळातले ठरले.

पुढे सोन्याचा भाव चढला की कवचे मुशीत गेली. बाहेरचे आधी, कारण त्यात सोने जास्त, मग आतले. मागे राहिलेली नागडी यंत्रे घड्याळजींच्या खणांत पडून राहिली आणि भंगारात निघाली, नाव कोरलेल्या पाट्यांसकट. त्यांतून एकच भाग लोक स्क्रू काढून वेगळा ठेवत गेले. व्हिक्टोरिया राणीच्या काळात बायकांना या कोरीव जाळ्यांचा सोस लागला. वीस-तीस जाळ्या कडीला कडी जोडून त्यांचे हार झाले, ब्रूच झाले, कानातली झाली. तसले हार अजून जुन्या दागिन्यांच्या बाजारात येतात. ज्या घड्याळांतून त्या जाळ्या काढल्या ती कुणाची होती, त्यांवर कुणाचे नाव होते, हे आता कळायला मार्ग नाही. हारातली पाने, पक्षी आणि मुखवटे मात्र धारदार असतात. ती सगळी वर्षे ती आत होती. खिशाच्या कापडाला कधी लागलीच नाहीत.